ब्लोअर मोटरची बदली

जुन्या मोटारीतील हीटरची ब्लोअर मोटर म्हणजे डॅशबोर्डच्या पोटात, बहुधा डाव्या बाजूच्या ग्लव्ह बॉक्समागे बसवलेली, मुठीत मावेल न मावेल अशी बारा व्होल्टची डीसी मोटर. तिच्या दांड्यावर प्लास्टिकचा जाळीदार पंखा असतो. मोटर फिरली की पंखा हवा ओढतो आणि ती काचेवर, तोंडावर किंवा पायांवर सोडतो. तीन स्क्रू आणि एक कपलर एवढ्यावर ती अडकलेली असते, त्यामुळे ती बदलणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. जबलपूरच्या चेरीतालात हे काम दिवाळीनंतर निघते आणि होळीला संपते. त्यातला अर्धा तास मोटर बदलण्यात जातो. उरलेला सगळा काळ ती बदलावी लागू नये म्हणून केलेल्या खटपटीत जातो.

मोटारीचा हीटर स्वतः काही तापवत नाही. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात जातो. ते गरम पाणी दोन होज पाइपांतून डॅशबोर्डखालच्या एका छोट्या रेडिएटरमध्ये फिरवतात. मिस्त्री त्याला हीटर कॉइल म्हणतात. ब्लोअर या कॉइलवरून हवा ढकलतो आणि ती गरम होऊन आत येते. म्हणजे ऊब फुकटची, नाहीतर वाया जाणारी. खर्च होतो तो फक्त पंखा फिरवण्याचा, आणि पूर्ण वेगावर लहान गाडीची मोटर दहा अँपिअरच्या आसपास वीज घेते. इंजिन चालू असताना ही वीज अल्टरनेटर पुरवतो. तरीही चार वेगांचा ब्लोअर दोनच्या पुढे नेला की मागच्या सीटवरून ‘अहो, बॅटरी उतरेल’ असे ऐकू येतेच. पुष्कळ घरांत चौथ्या आकड्याला कधी हात लागलेला नसतो. तो पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला असावा.

बाहेरची हवा आत ओढून, तापवून, पंख्याने गाडीभर खेळवण्याची व्यवस्था अमेरिकेत नॅश कंपनीने 1938 साली गाड्यांत आणली. भारतात सपाटीवरच्या माणसाला त्याची निकड फार दिवस भासली नाही. अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या काळात इंजिनाची गरमी पायाशी आपसूक येत असे, आणि ती मे महिन्यातही येत असे. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 रस्त्यावर आली, आणि पुढे तिच्या व तिच्यासारख्या लहान गाड्यांतून निळ्या-लाल पट्टीवर सरकणारा दांडा मध्यमवर्गीय घरांच्या हाती लागला. लाल म्हणजे गरम, निळा म्हणजे थंड. जबलपुरात हा दांडा एकदा निळ्याकडे सरकवला की वर्षातले दहा-साडेदहा महिने तिथेच राहतो.

त्याला हवामान कारण आहे. मे महिन्यात इथला पारा बेचाळीसच्या पुढे सहज जातो. जानेवारीतली रात्र एरवी दहा अंशांच्या आसपास असते, थंडीची लाट आली तर पाचापर्यंत उतरते. हीटरची खरी गरज मकरसंक्रांतीच्या मागचे-पुढचे दोन-चार आठवडे, तीही पहाटे कुणाला स्टेशनवर सोडायचे असले किंवा सिवनीमार्गे नागपूरला जायचे असले तर. त्या वेळी धुके एवढे असते की बाहेरून काच ओली आणि आतून माणसांच्या श्वासांनी. हीटर मागितला जातो तो ऊब मिळावी म्हणून कमी, समोरचा ट्रक दिसावा म्हणून जास्त. आणि, विशेषतः एसी नसलेल्या गाडीत, दहा महिने झोपलेल्या मोटरने नेमके त्याच पहाटे उठावे अशी अपेक्षा असते.

निजलेली मोटर बिघडते ती फिरणाऱ्या मोटरपेक्षा लवकर. तिचा दांडा दोन बुशांत फिरतो. बुशातले तेल वर्षानुवर्षांच्या धुळीने चिकट होते आणि मग सुकते. विजेला आर्मेचरपर्यंत नेणारे दोन कार्बन झिजून आखूड होतात किंवा आपल्या खाचेत अडकून बसतात. वायपरखालच्या जाळीतून कडुनिंबाचा आणि पिंपळाचा पाला आत उतरतो आणि पंख्यात साठतो. शिवाय उंदीर. ग्लव्ह बॉक्समधल्या लग्नपत्रिका आणि बॉनेटखालचा नमदा यांचे मऊ मिश्रण करून तो पंख्याच्या जाळीत घर थाटतो. जागा कोरडी, अंधारी आणि बिनभाड्याची असते.

पाण्याची गोष्ट वेगळी सांगावी लागते. चेरीताल हा एके काळी तलावच होता. राणी दुर्गावतीने राणीताल बांधवला, तिच्या दासीने चेरीताल आणि दिवाण आधारसिंहाने आधारताल, अशी इथली परंपरा आहे. चेरीतालचा तलाव केव्हाच बुजला, त्यावर वस्ती झाली. पण ज्या गाडीच्या वायपरखालचा निचऱ्याचा मार्ग पाल्याने तुंबला आहे तिच्या डाव्या पायदानात तो दर पावसाळ्यात पुन्हा भरतो. ते पाणी खाली उतरताना ब्लोअरच्या घरातून उतरते. मोटरचा दांडा गंजतो तो असा.

बिघाडाची चाहूल कानाला लागते. पहिल्या हिवाळ्यात चिवचिव, तीही गाडी वळताना. दुसऱ्या हिवाळ्यात घरघर. तिसऱ्या हिवाळ्यात काहीच आवाज येत नाही, आणि या शांततेचे घरात स्वागत होते. ‘बघा, आपोआप बंद झाला आवाज.’ हवाही बंद झाल्याचे लक्षात यायला काच धुरकटावी लागते.

त्यानंतर उपचारांचा काळ सुरू होतो. पहिला उपचार थाप. मोटर डाव्या बाजूला असल्याने हे काम शेजारच्या सीटवर बसणाऱ्या काकूंकडे येते आणि त्या ते चपलेच्या टाचेने करतात. हसण्यावारी नेण्यासारखे यात काही नाही, कारण थापेने मोटर खरोखर चालू होते. आखूड झालेला कार्बन स्प्रिंगच्या जोराने आर्मेचरपर्यंत पोचत नसतो, किंवा दांडा थांबताना आर्मेचरवरच्या नेमक्या काजळलेल्या पट्टीवर थांबलेला असतो. धक्का बसला की कार्बन पुढे सरकतो, पट्टी बदलते, पंखा फिरतो. तोटा एवढाच की थाप लागू पडल्यामुळे ‘मोटर चांगली आहे, कनेक्शन ढिले आहे’ हा सिद्धांत मान्य होतो आणि तो खोडून काढायला आणखी एक हिवाळा जातो.

सिद्धांतांची जबलपुरात टंचाई नाही. इथे गन कॅरेज फॅक्टरी 1904 पासून आहे आणि वाहन कारखाना 1969 पासून. लष्कराचा शक्तिमान ट्रक आणि जोंगा जीप या दुसऱ्या कारखान्यात बनत, जोंगाच्या इंग्रजी नावातले पहिले अक्षर जबलपूरचेच आहे. ऑर्डनन्स, रेल्वे, वीज मंडळ, हायकोर्ट अशा नोकऱ्यांच्या मागे कितीतरी मराठी कुटुंबे इथे आली आणि इथलीच झाली. परिणाम असा की एका गाडीचे बॉनेट उघडले की पंधरा मिनिटांत तिच्याभोवती सेवानिवृत्त तांत्रिक मनुष्यबळ गोळा होते. त्यात ज्याने आयुष्यभर तोफेचे सुटे भाग तपासले तो दांडा बोटांनी हलवून ‘दोन थाऊचा प्ले आहे’, म्हणजे दांडा इंचाच्या दोन हजारांशांएवढा ढिला आहे, असे सांगतो. वीज मंडळातला म्हणतो, अर्थिंग बघा. हायकोर्टातला काही म्हणत नाही, पण गाडी कधी आणि किती किलोमीटर चालल्यावर घेतली ते विचारून घेतो. बॅटरीपासून दोन वायरी आणून मोटरला थेट वीज द्यावी, फिरली तर मोटर शाबूत, नाही फिरली तर गेली, ही चाचणी दोन मिनिटांची आहे. म्हणूनच ती चर्चा संपल्यावर होते.

चर्चेत एक मुद्दा मात्र कामाचा असतो. ब्लोअर फक्त चारवर चालत असेल आणि एक, दोन, तीनवर मुका असेल, तर दोष मोटरचा नाही. खालच्या वेगांसाठी वीज एका रेझिस्टरमधून जाते आणि चारवर ती त्याला वळसा घालून थेट मोटरकडे जाते. गॅरेजात या भागाला ‘रजिस्टर’ म्हणतात. तो स्वस्तात मिळतो आणि दोन स्क्रूंवर निघतो, त्यामुळे निदान ऐकून सगळ्यांचा चेहरा उजळतो. पण रेझिस्टर जळण्याचे कारण बहुतेक वेळा मोटरच असते. जड झालेली मोटर जास्त वीज ओढते आणि कमी हवा देते. रेझिस्टर बसवलेला असतो त्याच हवेच्या वाटेत, तिच्यावरच तो थंड राहायचा असतो. म्हणजे त्याच्या अंगावर ओझे वाढते आणि वारा कमी होतो. नुसता रेझिस्टर बदलला तर नवाही थोड्याच दिवसांत जळतो. मग मिस्त्री मोटरकडे बोट दाखवतो आणि घरातले मिस्त्रीकडे.

यापुढचा उपचार तेलाचा. बुशाला शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब दिले की चिवचिव थांबते, हे खरे. मात्र थेंब दोनच द्यावे लागतात. तेल ओघळून आर्मेचरवर गेले की कार्बनच्या भुकटीत मिसळून त्याचा काळा लगदा होतो, आणि जी मोटर आवाज करून का होईना चालत होती ती चालणे सोडते. शिवणयंत्राचे तेल घरात नसले तर खोबरेल वापरले जाते. मराठी घरात ते असतेच. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजू लागते. ऑक्टोबरात खोबरेल घातलेली मोटर ऑक्टोबरात उत्तम फिरते आणि जानेवारीत, म्हणजे ज्या पंधरवड्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्या पंधरवड्यात, बुशात घट्ट रुतून बसते. उन्हात गाडी उभी केली की दुपारी पुन्हा फिरते. दुपारी हीटर कोणालाच नको असतो.

एवढे झाल्यावर नवी मोटर घ्यायचे ठरते. ती तीन प्रकारची असते: कंपनीची, लोकल आणि कबाड्याकडची. कंपनीची मोटर जुन्या मॉडेलसाठी मागवावी लागते. लोकल लगेच मिळते आणि तिच्या खोक्यावर कंपनीच्या नावातले एखादे अक्षर बदललेले असते. कबाड्याकडची अस्सल असते, पण ती कोणत्या गाडीची हे त्याच्या आठवणीवर असते. मोटर घेताना चार गोष्टी जुळाव्या लागतात: दांड्याची लांबी व जाडी, बैठकीवरच्या स्क्रूच्या भोकांतले अंतर, कपलरचा आकार आणि फिरण्याची दिशा. त्यासाठी नमुना म्हणून जुनी मोटर सोबत न्यावी, असे प्रत्येक दुकानदार सांगतो. नवी हातात आल्याशिवाय जुनी उघडू नये, असे प्रत्येक घर मानते. ही कोंडी नागपूरकडून सुटते. जबलपूरच्या मराठी घराचा एखादा मेहुणा नागपुरात असतोच. त्याला फोटो पाठवला जातो आणि तो पावणेतीनशे किलोमीटर अंतर कापून मोटर आणि संत्रा बर्फी घेऊन येतो. बर्फी नेहमी बरोबर निघते.

कामाच्या दिवशी प्रथम बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे. मग ग्लव्ह बॉक्स रिकामा करावा. यात सकाळ जाते, कारण आतली प्रत्येक वस्तू ओळखली जाते. आरसीच्या झेरॉक्स, संपलेले पीयूसी, भेडाघाटच्या पार्किंगची पावती, ग्वारीघाटच्या प्रसादाचे दगड झालेले चिरंजीदाणे, सेल नसलेली टॉर्च, आणि दोन वर्षांपूर्वी हरवल्यावरून बरीच बोलाचाली झालेली कपाटाची किल्ली. किल्ली सापडल्यावर मोटरचे काम थोडा वेळ थांबते.

ग्लव्ह बॉक्स काढला की हवेच्या काळ्या पेटीखाली मोटरचा गोल तळ दिसतो. तिथवर पोचण्यासाठी मिस्त्रीला डोके पायदानात, पाठ सीटच्या कडेवर आणि पाय दाराबाहेर अशा स्थितीत जावे लागते. योगशास्त्रात याला नाव नसले तरी ते शवासन आणि पश्चिमोत्तानासन यांच्या मधले कुठले तरी आसन आहे. आधी कपलर दाबून काढावा, वायर ओढून नव्हे. बऱ्याच गाड्यांत मोटर थंड ठेवणारी बोटाएवढी रबरी नळी असते, ती सोडवून बाजूला करावी. तिचे कोणी नंतर नाव काढत नाही, आणि ती परत लावली नाही तर नवी मोटरही तापून लवकर जाते. मग तीन स्क्रू. दोन दिसतात. तिसरा दिसत नाही, तो बोटाने शोधायचा असतो आणि आखूड पेचकसाने, एका वेळी पाव फेरा, असा काढायचा असतो. सुटल्यावर तो हातात येत नाही. तो कार्पेटखाली जातो आणि चुंबक आणेपर्यंत गल्लीतली लहान मुले टॉर्चच्या उजेडात सीटखाली हात घालून इतर वस्तू काढत राहतात. नाणी ज्याला सापडली त्याची.

मोटर खाली उतरते ती पाला, नमदा आणि लग्नपत्रिकेचे तुकडे घेऊन. हा कचरा पेटीतून हाताने आणि नंतर घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने काढावा. जाळीचा पंखा बहुधा जुन्या मोटरवरून नव्या मोटरवर चढवावा लागतो. तो दांड्यावर नटने किंवा क्लिपने बसलेला असतो आणि जुने प्लास्टिक ठिसूळ झालेले असते. एका बाजूने उचकटला तर पाकळ्या वाकतात, मग नवी मोटरही घरघरते आणि पहिला संशय नागपूरवर जातो. पंखा सरळ ओढावा, पुसावा, नव्या दांड्यावर जुन्या खोलीइतकाच बसवावा आणि हाताने फिरवून पाहावा.

लोकल मोटरचा कपलर जुळत नाही. मिस्त्री तो कापून वायरी पिळतो आणि टेप गुंडाळतो. याला ‘डायरेक्ट करणे’ म्हणतात. टेप उन्हाळ्यात सुटते, तेव्हा वायरी डाख देऊन किंवा निदान चांगल्या स्लीव्हने झाकून घ्याव्यात. पण खरी गंमत वायरी उलट-सुलट जोडल्या तर होते. डीसी मोटर उलटी फिरू लागते. छतावरचा पंखा उलटा फिरला तर हवा वर ढकलतो आणि खाली बसलेल्याला ते लगेच कळते. ब्लोअरच्या जाळीदार पंख्याचे तसे नाही. तो कडेने हवा फेकणारा असल्याने उलटा फिरला तरी हवा येते त्याच तोंडातून, फक्त पुष्कळ कमी. त्यामुळे चूक लक्षात येत नाही. गाडीचे मालक हात धरून ‘येतेय, येतेय’ म्हणतात, मिस्त्री ‘नई है, खुलेगी धीरे-धीरे’ म्हणून समाधान करतो आणि ती मोटर आयुष्यभर उलटीच फिरते. पंख्याच्या पाकळ्यांचा बाक आणि पेटीचे तोंड बघून दिशा आधीच तपासावी.

उलट क्रमाने सगळे परत बसवले की एक स्क्रू उरतो. याबाबत गॅरेजांत एकमत आहे: ‘बड्डे, कंपनी एक ज्यादा देती है.’ तो स्क्रू ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवतात. तिथे मागच्या कामाचा एक असतोच.

आता चाचणी. टर्मिनल जोडून किल्ली फिरवली की ब्लोअर एकवर फिरतो, दोनवर फिरतो, आणि सर्वांसमक्ष चारवर सुद्धा फिरवला जातो. तोंडातून आधी धूळ, मग कडुनिंबाची दोन पाने, मग स्वच्छ हवा येते. ती थंड असते. त्यात काही बिघडलेले नाही, कारण इंजिनाचे पाणी तापेपर्यंत हीटर काही देऊ शकत नाही. थर्मोस्टॅट उघडतो साधारण ब्याऐंशी अंशांना. दांडा लालकडे सरकवून इंजिन दहा मिनिटे चालू ठेवावे. दहा मिनिटांनीही हवा थंडच आली, तर बॉनेट उघडून डॅशबोर्डकडे जाणारे दोन होज पाइप हाताने चाचपावेत. दोन्ही गरम असले तर कॉइलमधून पाणी फिरते आहे आणि दोष हवेच्या झडपेत किंवा केबलमध्ये आहे. एकच गरम असला तर कॉइल तुंबली आहे किंवा पाण्याचा कॉक उघडत नाही. पाइपच नसले, तर गाडीच्या पूर्वेतिहासात शिरावे लागते.

चेरीतालात तिसरा प्रकार आश्चर्याचा नाही. कूलंटचे पैसे वाचवण्यासाठी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये नळाचे पाणी घातले जाते. त्याने कॉइल आतून गंजते, एक दिवस गळू लागते आणि पायदान ओले होते. कॉइल बदलायची तर पुष्कळ गाड्यांत सबंध डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणून त्या वेळच्या मिस्त्रीने दोन्ही पाइप काढून इंजिनाकडच्या तोंडांना एक आखूड पाइप जोडलेला असतो. पाणी डॅशबोर्डपर्यंत येतच नाही. गळती तिथेच थांबते, आणि हीटरही. ही गोष्ट गाडीच्या मालकाला सांगितलेली असते, पण ती एप्रिलमध्ये सांगितलेली असते. बेचाळीस अंशांत ‘हीटर बंद केला आहे’ हे वाक्य तक्रार म्हणून कोणाच्या कानावर पडत नाही.

अशा वेळी हिशेब असा होतो. डॅशबोर्ड उतरवून नवी कॉइल घालण्याची मजुरी ब्लोअर मोटरच्या किमतीच्या कितीतरी पट असते. गाडी पंधरा वर्षांवरची असते, तिची नोंदणी आरटीओत पाच वर्षांसाठी वाढवून आणलेली असते आणि तिच्यावर खर्च करावा की नाही यावर घरात मतदान झाले तर निकाल फिरता लागतो. म्हणून कॉइल राहते. नवी मोटर तरी फुकट गेलेली नसते. एसी असला तर मे महिन्यात त्याची हवा हीच मोटर ढकलते, आणि धुक्याच्या पहाटे एसी लावून काचेवर हवा सोडली तर काच निवळते, कारण एसी हवेतला ओलावा काढून घेतो. फक्त गाडीतल्यांना हुडहुडी भरते. एसी नसला तर दोन्ही काचा दोन-दोन बोटे खाली घ्याव्यात आणि शेजारी बसलेल्याच्या हाती फडके द्यावे.

राहिली जुनी मोटर. ती भंगारात देण्यापूर्वी कोणी तरी सेवानिवृत्त गृहस्थ ती ओट्यावर घेऊन बसतात. आर्मेचर पॉलिश पेपरने पुसतात, अडकलेले कार्बन खाचेतून मोकळे करतात, बुशाला दोनच थेंब तेल देतात आणि वायरी बॅटरीला लावतात. मोटर फिरते. घरात काही वेळ नागपूरच्या मोटरच्या किमतीचा विषय निघतो आणि मिटतो. मग तिच्यापुढे पत्र्याचा नळा बसवून अंगणातल्या गोवऱ्यांना वारा घालायला तिचा उपयोग करतात, कारण जानेवारीत गक्कड-भरत्याचा बेत इथल्या मराठी घरांनाही चुकत नाही. गव्हाच्या जाड गक्कडी आणि वांगी त्या निखाऱ्यांवर छान भाजतात. थेट बॅटरीवर लावलेल्या मोटरला मधला रेझिस्टर नसतो, त्यामुळे तिला एकच वेग उरतो, चौथा. म्हणून नळ्याचे तोंड निखाऱ्यांपासून हातभर लांब ठेवावे, नाहीतर राख भरत्यात जाते.